चार मिलिसेकंदांची जाळी : काजूच्या सॉर्टरमधल्या टायमरचं प्रकरण

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजू कारखान्यात रंगावरून गर निवडणारं मशीन आहे. सोललेले गर थरथरत्या ताटातून चॅनेलमध्ये उतरतात, घसरणीवरून सुटतात आणि हवेत असतानाच कॅमेऱ्यासमोरून जातात. करपलेला, डागी किंवा साल चिकटून राहिलेला गर दिसला की खालच्या नोझलमधून हवेचा झोत बसतो आणि तो पलीकडच्या पन्हळीत पडतो. बाकीचे सरळ खाली.

कॅमेऱ्याची रेघ आणि नोझल यांत १५० मिलिमीटर अंतर आहे. त्या पट्ट्यात गराचा वेग सरासरी सेकंदाला ३ मीटर. म्हणजे गर दिसल्यापासून ५० मिलिसेकंदांनी व्हॉल्व्ह उघडायचा आणि ३ मिलिसेकंदांनी बंद करायचा. डब्ल्यू-३२० ग्रेडचे गर पौंडाला ३०० ते ३२० बसतात. एकेक जेमतेम दीड ग्रॅमचा, लांबीला दोन-अडीच सेंटीमीटर. वेळ १ मिलिसेकंद चुकली की झोत ३ मिलिमीटर सरकतो. ४ चुकली की १२ मिलिमीटर, म्हणजे गराच्या मध्यावर धरलेला नेम थेट शेपटीपाशी.

मोठ्या कंपन्यांच्या सॉर्टरमध्ये हे काम एफपीजीए (हव्या त्या कामासाठी जुळवता येणारी चिप) किंवा वेगळा मायक्रोकंट्रोलर (एकाच कामाला वाहिलेली छोटी संगणक-चिप) करतो, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. इथे खर्च वाचवायला सगळं एकाच पंखा नसलेल्या औद्योगिक पीसीवर बसवलंय: डेबियन लिनक्स, त्यावर प्रीएम्प्ट-आरटी कर्नल (नेमक्या वेळेच्या, म्हणजे रिअल-टाइम कामांसाठीचा लिनक्सचा गाभा), आणि प्रत्येक नोझलला एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली स्वतंत्र चालणारी एक धार. थ्रेडचं काम एवढंच की उघडायच्या क्षणापर्यंत झोपायचं, आउटपुट चालू करायचं, बंद करायच्या क्षणापर्यंत परत झोपायचं, आउटपुट बंद करायचं. दोन्ही क्षण घड्याळातल्या पक्क्या वेळा म्हणून दिलेले. ‘आतापासून इतक्या वेळानं’ असं नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला काम येत होतं. आणि हा जुगाड मुळात नीट चालतही होता.

तक्रार

मालकांनी फोनवर सांगितलं ते असं: “पयलां एकदम बरां चालत होतां. आता डागी गर खाली जातत आणि चांगले उडतत.” दोन्ही तऱ्हेच्या चुका एकदम. कॅमेरा किंवा रंगाची मर्यादा बिघडली तर चूक साधारण एका बाजूला झुकते. एक तर फार उडतात, नाही तर फार सुटतात. दोन्ही एकदम होत असेल तर गर बरोबर ओळखला जातोय, पण झोत त्याच्या वाट्याला न जाता शेजाऱ्याला बसतोय, असं धरून चालावं.

मधला इतिहास असा. पावसाच्या तोंडावर विजा झाल्या, लाईट गेली-आली, आणि पीसीतली एसएसडी मेली. मशीन जुळवणाऱ्या वर्कशॉपनं त्यांच्याकडच्या डिस्क इमेजवरून नवी एसएसडी तयार करून दिली. मशीन सुरू झालं, स्क्रीन तशीच, प्रोग्राम तोच, म्हणून त्या बदलाकडे कोणी परत वळून पाहिलं नाही. पाहिलं ते हवेकडे. कोकणातल्या दमट हवेत काँप्रेसरच्या लाइनीत पाणी साचतं हे खरंच आहे. त्यामुळे ड्रायर साफ झाला, नोझलमधली फोलपटं काढली गेली, दाब वाढवला गेला. एका तंत्रज्ञानं थ्रेडची प्रायॉरिटी, म्हणजे सीपीयू आधी मिळवायचा हक्क, ८० वरून ९९ वर नेली. ही सवय मला अजिबात आवडत नाही. ९९ वर कर्नलचे स्वतःचे काही थ्रेड चालतात, त्यांच्या रांगेत आपला प्रोग्राम घुसवून मिळत काही नाही, अडचण मात्र होऊ शकते. शेवटी कोणीतरी पल्स, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा वेळ, ३ ची ८ मिलिसेकंद केली आणि डागी गर सुटायचे थांबले. चांगले उडायचे ते मात्र वाढले.

मशीनवर रोज बसणाऱ्या काकींनी जे सांगितलं ते या सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा जास्त कामाचं होतं: “आधी मधी मधी टक् असो आवाजच येणा नाय होतो. आठ केल्यापासून आवाज चुकणा नाय, पण दोन-दोन गर उडतत.” कमी दाबाच्या हवेनं झोत दुबळा होतो, व्हॉल्व्हचा आवाज गायब होत नाही. आणि पल्सची लांबी वाढवल्यावर जो आवाज परत येतो, तो व्हॉल्व्ह अडकल्यानं गेला नव्हता.

आकाराकडे पाहा

रिअल-टाइम मशीनवर ‘वेळ चुकते’ अशी तक्रार आली की बहुतेकजण सगळ्यात मोठा आकडा शोधतात. किती उशीर झाला, यापेक्षा उशीर कसा पसरलाय हे आधी बघावं, कारण प्रत्येक कारणाची चाल वेगळी असते.

रिअल-टाइम थ्रेडना कर्नल डीफॉल्टनं दर सेकंदातले ०.९५ सेकंदच देतो. कुठलातरी थ्रेड सीपीयू धरून बसला आणि ही मर्यादा लागली, तर सेकंदाला एकदा ५० मिलिसेकंदांचा सलग खड्डा पडतो. बायोस (बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) स्वतःच्या कामासाठी प्रोसेसर ताब्यात घेतं, त्या एसएमआय नावाच्या व्यत्ययांचे टोचे विरळ आणि अवेळी येतात; कर्नलला ते दिसतसुद्धा नाहीत, ते पकडायला हार्डवेअर-लेटन्सी मोजणारं वेगळं साधन चालवावं लागतं. प्रोसेसर गाढ झोपेतून उठायला लावतो तो वेळ दहा-वीस ते दोनेकशे मायक्रोसेकंद. साध्या, रिअल-टाइम नसलेल्या प्रोसेसला तर कर्नल मुद्दामच ५० मायक्रोसेकंदांची ढील देतो, म्हणजे जवळजवळची जागरणं एकत्र उरकता येतात. सेकंदाला एकदाचा तो खड्डा सोडला, तर यातलं काहीही व्हॉल्व्हचा आवाज पुरता गिळत नाही.

पल्स परत ३ मिलिसेकंदांवर आणली आणि व्हॉल्व्हच्या ड्रायव्हर कार्डावर स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर (सिग्नल केव्हा चालू-बंद झाला ते टिपणारं साधन) जोडला. पडद्यावर दोनच प्रकारचे पल्स होते. एक बरोबर ४ मिलिसेकंदांचा, दुसरा काही मायक्रोसेकंदांचा, केसाएवढा. तीनचा एकही नाही. मग कडा मोजल्या. या नोझलची चढती कड आणि त्या नोझलची उतरती, कुठल्याही दोन कडा घ्या, अंतर ४ च्या पटीत. गर कसेही पडोत, झोत अदृश्य जाळीच्या रेघांवरच सुटत होते.

इथे उत्तर जवळजवळ मिळालंच. डेबियनच्या कर्नलचा टिक, म्हणजे त्याचा नेमाचा ठोका, सेकंदाला २५० वेळा येतो, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी. सगळे टायमर टिकवर लागत असतील तर ते खाडीवरच्या तरीसारखं होतं: तुम्ही धक्क्यावर केव्हाही या, निघाल ते पुढच्या फेरीलाच. लवकर कधीच नाही, कायम उशीर, आणि उशीर शून्य ते एक फेरी यांत सगळीकडे सारखा पसरलेला.

बाकीचा हिशेब कागदावर सुटतो. उघडायची वेळ एका टिकनंतर १ मिलिसेकंदाच्या आत आली, तर तिच्यापुढची ३ मिलिसेकंदांची बंद व्हायची वेळही त्याच फेरीत बसते. थ्रेड पुढच्या टिकला उठतो, आउटपुट चालू करतो, झोपायला जातो, तर बंद करायची वेळ आधीच उलटलेली; झोप लागतच नाही, आउटपुट लगेच बंद. तोच केसाएवढा पल्स. व्हॉल्व्हचं पिस्टन तेवढ्यात हलणार नाही, म्हणून टक् नाही. चारातल्या १ मिलिसेकंदात हे घडतं, म्हणजे साधारण चारातला एक झोत हरवतो. उरलेल्या तिघांत पल्स ३ ऐवजी ४ ची, आणि तीही ३ मिलिसेकंदांपर्यंत उशिरा, म्हणजे ९ मिलिमीटरपर्यंत मागे. आता पल्स ८ ची केल्यावर काय होतं बघा: ८ म्हणजे बरोबर दोन फेऱ्या, त्यामुळे एकही पल्स हरवत नाही आणि प्रत्येक पल्स पुरती ८ ची. पण ८ मिलिसेकंदांत २४ मिलिमीटर गर सरकतो, त्यात ४ पर्यंतचा उशीर, त्यामुळे मागून येणारा चांगला गरही झोतात सापडतो. काकींचे ‘दोन-दोन गर’ ते हेच.

कर्नल आरटी, टायमर मात्र जाडे

मशीनवर कर्नलचं नाव विचारलं तर प्रीएम्प्ट-आरटी असं ठसठशीत छापून येत होतं. सिस-कर्नलखालच्या रिअलटाइम फाइलमध्येही १. एवढं पाहून आधीच्या तंत्रज्ञानं टायमरचा संशय खोडला होता. गोष्टी दोन आहेत आणि त्या गल्लत करून वापरल्या जातात. आरटी कर्नल सांगतो की उठवलेला थ्रेड किती लवकर सीपीयूवर येईल. त्याला उठवायचं केव्हा, हे टायमर ठरवतो. उठवणाराच टिकपर्यंत थांबला असेल तर शेड्युलर (सीपीयू कोणाला द्यायचा ते ठरवणारा) कितीही चपळ असो, त्याच्या हाती काही नाही.

इतिहासातही त्या वेगवेगळ्याच आल्या. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांच्या कामातून एचआरटायमरचा (हाय-रेझोल्यूशन, म्हणजे बारीक टप्प्यांच्या टायमरचा) पाया लिनक्सच्या २.६.१६ आवृत्तीत २००६ साली आला. टिकपासून सुटलेली खरी हाय-रेझोल्यूशन पद्धत २.६.२१ मध्ये, २००७ साली. प्रीएम्प्ट-आरटी मुख्य कर्नलमध्ये पूर्ण सामावलं ते थेट ६.१२ मध्ये, २०२४ साली. तोवर तो पॅच म्हणून बाहेरूनच लावावा लागे.

हाय-रेझोल्यूशन पद्धत चालू व्हायला कर्नलला दोन गोष्टी लागतात. एक सलग पुढे जाणारं, भरवशाचं घड्याळ. आजच्या पीसीवर बहुधा प्रोसेसरमधलं टीएससी, ते बाद ठरलं तर एचपेट किंवा एसीपीआय-पीएम. दुसरं म्हणजे प्रत्येक कोअरसाठी ‘अमुक क्षणी एकदाच वाज’ असं सांगता येणारं उपकरण. दोहोंतलं एक नसलं, किंवा कर्नल बांधताना हा पर्याय बंद राहिला, किंवा बूट होताना बंद करायला सांगितलं, तर कर्नल गप्प टिकवर राहतो. प्रोग्रामला कुठलीही त्रुटी परत येत नाही. नॅनोसेकंदात वेळ मागणारे सगळे कॉल यशस्वी होतात. फक्त मिळतं ते जाडं.

बघायची जागा म्हणजे प्रॉकमधली (कर्नल स्वतःची स्थिती दाखवतो त्या फोल्डरमधली) टायमर-लिस्ट फाइल. रूट होऊन उघडली. रेझोल्यूशन ४०००००० नॅनोसेकंद. चालू असती तर तिथे १ दिसला असता. प्रत्येक कोअरपुढे हायरेस-ॲक्टिव्हसमोर शून्य. आणि खाली उपकरणाच्या इव्हेंट-हँडलरच्या जागी एचआरटायमर-इंटरप्टऐवजी टिक-हँडल-पिरिऑडिक. तीन ओळी, तिन्ही एकच गोष्ट सांगणाऱ्या. घड्याळ म्हणून टीएससी निवडलेलं होतं, त्यात खोट नव्हती. मग प्रॉकमधली बूट-ओळ (सुरू होताना कर्नलला दिलेले पर्याय) वाचली, तिच्यात मधोमध ‘हायरेस इज इक्वल टू ऑफ’ बसलेलं, शेजारी ‘नोएचझेड ऑफ’, म्हणजे प्रोसेसर रिकामा असतानाही टिक चालू ठेवणारा पर्याय.

वर्कशॉपनं दिलेली इमेज जुन्या मशीनची होती. काही जुन्या बोर्डांवर टीएससी कोअरगणिक वेगळं चालायचं किंवा प्रोसेसर झोपला की अडायचं, आणि मग बूट-ओळीत असले पर्याय टाकून वेळ मारून नेली जायची. बोर्ड बदलला, ओळ इमेजबरोबर राहिली. ती कोणी आणि कशासाठी टाकली होती याची नोंद वर्कशॉपकडे नव्हती.

आधीच्या तंत्रज्ञाच्या फोनमध्ये सायक्लिकटेस्टचा (थ्रेड किती उशिरा उठतो ते मोजणाऱ्या साधनाचा) फोटो होता, तो मला नंतर पाहायला मिळाला. १ मिलिसेकंदाच्या अंतरानं चालवलेली चाचणी, आणि सरासरी व कमाल हे दोन्ही आकडे ३ ते ४ हजार मायक्रोसेकंदांत, एकमेकांना चिकटून. कमाल बघून त्यानं प्रायॉरिटी वाढवली. पण शेड्युलिंगचा दोष असता तर सरासरी इवलीशी आणि कमाल एकटीच वर गेलेली दिसली असती. सरासरीच कमालीएवढी असेल तर उशीर प्रत्येक वेळी होतोय, आणि दर खेपेला नेमानं होणाऱ्या उशिराला प्रायॉरिटीचं औषध नाही. हाय-रेझोल्यूशन टायमर नाहीत असा इशाराही ते साधन सुरुवातीला देतं. आकडे धावत असताना वरची ओळ कोण वाचतो?

दुरुस्ती, आणि तिच्यामुळे झालेली पंचाईत

ग्रबच्या (मशीन बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमधून फक्त हायरेसचा पर्याय काढला. नोएचझेडचा ठेवला, सेकंदाला २५० टिक येत राहिले तर या पीसीला त्याचं ओझं नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदललेली बरी. ग्रब अपडेट, रीबूट, मग बूट-ओळ पुन्हा वाचून खात्री. टायमर-लिस्टमध्ये रेझोल्यूशन १, सगळ्या कोअरवर हायरेस चालू. लॉजिक ॲनालायझरवर पल्स बरोबर ३ मिलिसेकंदांचे, जाळी गेलेली. प्रायॉरिटी परत ८० वर.

मग गर सोडले, तर निकाल आधीपेक्षा वाईट. डागी गर नोझलपाशी गिरकी घेत होते आणि बरेचसे दोन पन्हळींच्या मधल्या पट्टीवर आपटून भलत्या बाजूला पडत होते. मालक म्हणाले, “तुम्ही हात लावल्यार आणखीनच बिघडलां.” त्यांचं काही चुकत नव्हतं. समोर दिसत होतं ते तसंच होतं.

गिरकी ही खूण महत्त्वाची. झोत गराच्या मध्यावर बसला तर गर आडवा ढकलला जातो. टोकावर बसला तर फिरतो. म्हणजे झोत आता सगळ्यांना सारखाच, पण सरकून बसत होता. सेटिंगच्या पानावर गर दिसल्यापासून झोतापर्यंतचा विलंब ४८ मिलिसेकंद होता. काकींना विचारल्यावर कळलं की पल्स वाढवली त्याच सुमारास कोणीतरी हा आकडा ५० वरून ‘थोडो थोडो कमी करून’ ४८ वर आणला होता, आणि तिथे त्यातल्या त्यात बरं चाललं. ते तसं चालणारच. शून्य ते ४ मिलिसेकंदांच्या सारख्या पसरलेल्या उशिराची सरासरी २. हातानं जुळवणाऱ्यानं नकळत बरोबर ती सरासरी वजा केली होती. उशीर गेला, वजाबाकी राहिली. आता प्रत्येक झोत २ मिलिसेकंद आधी, म्हणजे ६ मिलिमीटर पुढे, गराच्या नाकावर. विलंब ५० केला आणि गिरक्या थांबल्या.

टायमरचा दोष दुरुस्त करायला जाणाऱ्यानं प्रोग्राममधले जुळवलेले आकडे आधी लिहून काढावेत आणि ते कधी बदलले हे मशीनवर बसणाऱ्या माणसाला विचारावं. दोष जितका जुना, तितकी त्याच्याभोवती भरपाई साचलेली असते.

जे तसंच सोडलं

दुरुस्तीनंतर सायक्लिकटेस्ट रात्रभर चालवली, सोबत डिस्क आणि नेटवर्कवर भार टाकून. कमाल काही दहा मायक्रोसेकंदांतच राहिली. प्रोग्रामनं स्वतः नोंदवलेले उशीर मात्र अधूनमधून २०० मायक्रोसेकंदांपर्यंत जात होते. मशीन तेच, कर्नल तोच, तरी आकडे दोन. कारण असं की सायक्लिकटेस्ट चालू असेपर्यंत सीपीयू-डीएमए-लेटन्सी नावाची डिव्हाइस फाइल उघडी धरून तिच्यात शून्य लिहून ठेवतं, त्यामुळे प्रोसेसर गाढ झोपेत जातच नाही. आपला प्रोग्राम तसं काही करत नसेल तर त्याला ते सुख नाही. म्हणून चाचणीचे आकडे दाखवून ‘मशीन ठीक आहे’ असं कोणाला सांगू नये; प्रोग्रामनं स्वतःचे उशीर मोजावेत.

हीच युक्ती प्रोग्राममध्ये घालणं चार ओळींचं काम आहे. मी घातली नाही. २०० मायक्रोसेकंद म्हणजे ०.६ मिलिमीटर, आणि दोन सेंटीमीटरच्या गराला त्याचा फरक पडत नाही. उलट प्रोसेसरला झोपूच दिलं नाही तर तो तापतो. बिनपंख्याचा पीसी, बंद लोखंडी पेटी, शेजारी ड्रायरची भट्टी, आणि मे महिना. त्या पेटीत उष्णता वाढवून मायक्रोसेकंद विकत घेण्यात मला शहाणपण दिसलं नाही.

थ्रेडचा वर्ग मात्र तपासून घेतला. आरटी कर्नलमध्ये बरेचसे एचआरटायमर सॉफ्ट-इंटरप्टच्या, म्हणजे थोडं मागाहून उरकायच्या कामांच्या, थ्रेडमधून चालवले जातात. रिअल-टाइम वर्गातल्या थ्रेडची झोप तेवढी थेट हार्डवेअर व्यत्ययातच संपवली जाते. नोझलचे थ्रेड फिफो या रिअल-टाइम वर्गात होते, त्यामुळे तिथे करायचं काही नव्हतं.

प्रोग्राममध्ये एक भर घातली. सुरू होताना तो घड्याळाचं रेझोल्यूशन विचारतो. १ नॅनोसेकंद नसेल तर व्हॉल्व्हचा पुरवठा चालूच करत नाही आणि स्क्रीनवर ‘टायमर बरोबर नाही, वर्कशॉपला कळवा’ एवढं मराठीत दाखवतो. वर्कशॉपनंही ती जुनी इमेज बाजूला काढून चालू मशीनवरून नवी घेतली.

मालकांना आता चॅनेल वाढवायचे आहेत. त्यासाठी मी या पीसीवर आणखी थ्रेड टाकायला नको म्हटलं आहे. कॅमेरा आणि निवड पीसीवर राहू द्यावी, आणि पल्स सोडायचं काम स्वतंत्र मायक्रोकंट्रोलरच्या कार्डाकडे द्यावं. कार्डाचा भाव त्यांना कळवलाय.